अंगावरचे केस : पार्लर, घर, की काहीच नको?



लग्नसराई जवळ आली की घरखर्चाच्या वहीत एक नवे कलम शिरते. पूर्वी ते फार तर नवरीपुरते असे. आता करवली, नवरीची आई, मुलाखतीला निघालेली मुलगी आणि अकरावीत पाऊल टाकणारी पोर अशा सगळ्यांच्या नावाने ते लिहावे लागते. हात-पायांचे वॅक्सिंग, ओठांवरचे थ्रेडिंग, आणि अलीकडे सर्वांत मोठा आकडा म्हणजे लेझरचे पॅकेज.

घरोघरी वादही ठरलेला असतो. मुलगी म्हणते, लेझर करू, एकदाची कटकट जाईल. आई म्हणते, पार्लरमध्येच जा. शेजारीण म्हणते, दहा रुपयांचा रेझर आण. आजी म्हणते, रेझरने केस राठ होतात, डाळीचे पीठ चोळ. आणि बाबा विचारतात, हे सगळे हवेच कशाला? यातला प्रत्येक जण थोडा बरोबर असतो आणि थोडा चूक. म्हणून या वेळी हा विषय नीट उलगडून पाहू. पैसा, वेळ आणि कातडी, तिन्हींचा हिशेब मांडू. लाजण्यासारखे यात काही नाही. ज्या विषयाची घरात लाज वाटते, त्याच विषयात बाहेरचा माणूस आपल्याला सहज फसवतो.

केस म्हणजे घाण नव्हे

सुरुवात बाबांच्या प्रश्नापासून करू, कारण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. अंगावरचे केस काढलेच पाहिजेत का? आरोग्यासाठी म्हणाल तर नाही. काखेतले, जांघेतले केस कातडीवर कातडी घासू देत नाहीत. घामाला वास येतो तो कातडीवरच्या जंतूंमुळे, आणि रोज साबण-पाण्याने धुतले की तो जातो. केस असले म्हणजे बाई अस्वच्छ, हा समज जाहिरातींनी पक्का केलेला आहे. अमेरिकेत जिलेट कंपनीने बायकांसाठी खास रेझर १९१५ साली बाजारात आणला. बिनबाह्यांचे कपडे आले, काख दिसू लागली आणि काखेतल्या केसांची लाज विकायला निघाली. ती लाज आपल्याकडे पोहोचायला काही दशके लागली, एवढेच.

याला एक पुरावा देते. पूर्वी बाळंतपणाला किंवा ऑपरेशनला बाई दाखल झाली की आधी ब्लेडने केस साफ करत. त्याने जंतू टळतात अशी समजूत होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली ऑपरेशनच्या जखमेतील संसर्गाबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत स्पष्ट सांगितले आहे की ऑपरेशनपूर्वी केस काढू नयेत. अगदीच गरज असेल तर मशीनने कापावेत, ब्लेडने तासू नयेत. कारण ब्लेडने कातडीवर बारीक जखमा होतात आणि जंतूंना वाट मिळते. ऑपरेशनच्या टेबलावर जर केस घाण ठरत नाहीत, तर वर्गात आणि ऑफिसात कसे ठरतील?

तरीही पोरींना याचा जाच सोसावा लागतो. एप्रिल २०२४मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाचा दहावीचा निकाल लागला. राज्यात पहिल्या आलेल्या मुलीला ९८.५ टक्के गुण होते. तिचा फोटो झळकला आणि मोबाईलवर हजारो रिकामटेकड्यांनी गुण सोडून तिच्या ओठांवरच्या केसांची चर्चा केली. एका रेझर कंपनीने तिच्या नावाने जाहिरातही देऊन टाकली आणि त्यावर टीका झाली. पोर राज्यात पहिली येते आणि लोक मिशी पाहतात! आपल्या घरातल्या दहावीच्या मुलीला वर्गात कोणी काय म्हणत असेल, याचा विचार आई-वडिलांनी करावा.

सबब, पहिला नियम असा. केस ठेवणे हा मुलीचा हक्क आहे आणि काढणे हाही तिचाच हक्क. "एवढी मोठी झालीस, काढ ते केस" असे आईने टोचू नये. "नटवेपणा कशाला" म्हणून बापाने दटावूही नये. पोरगी चिडवण्याला कंटाळून विचारत असेल, तर तिला सुरक्षित मार्ग दाखवावा. नाहीतर ती भावाच्या दाढीचे ब्लेड गुपचूप घेईल.

आधी कारण पाहावे

काढायचे ठरले तरी थोडे थांबा. केस कुठले आणि कधीपासूनचे, ते पाहा. हातापायांवर लव असणे घराण्यातून येते. परंतु हनुवटीवर, गालाच्या कडेला, छातीवर, बेंबीखाली राठ काळे केस येऊ लागले असतील आणि पाळी दोन-दोन महिने चुकत असेल, तर तो पार्लरचा प्रश्न राहत नाही. असे होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पीसीओएस. बायकांच्या अंगात थोड्या प्रमाणात असणारे पुरुषी हार्मोन यात वाढते. मूल होण्याच्या वयातल्या दर शंभर बायकांत दहाच्या आसपास बायकांना हा त्रास असतो, आणि पुष्कळ जणींना तो आहे हेच ठाऊक नसते. पुढे साखरेचा आजार आणि मूल राहण्यात अडचण यांच्याशी त्याचा संबंध असतो. पाच वर्षे दर पंधरवड्याला हनुवटीचे थ्रेडिंग करणाऱ्या बाईला कोणी एकदाही पाळीबद्दल विचारलेले नसते, हे दुर्दैव आहे.

सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात केसपेपर काढून स्त्रीरोग किंवा त्वचारोग विभागात दाखवावे. मुंबईत केईएम, नायर, शीव, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल येथे हे विभाग आहेत. रक्ताची तपासणी, गरज पडल्यास सोनोग्राफी होते. औषध सुरू केल्यावर केसांत फरक दिसायला सहा महिने तरी लागतात, म्हणून महिनाभरात औषध सोडू नये. केस मात्र चार-सहा महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, डोक्यावरचे केस विरळ झाले तर एक आठवडाही वाट पाहू नये.

दुसरे कारण आपल्याच घरात, आरशाजवळच्या फळीवर सापडते. गोरे होण्यासाठी म्हणून मेडिकलमधून आणलेली ट्यूब. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे तिच्यावर छापलेली आहेत का ते वाचा. ही स्टेरॉइड औषधे आहेत. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळल्यासारखा वाटतो. पुढे कातडी पातळ आणि लाल होते, मुरमे येतात, आणि चेहऱ्यावर केसही वाढतात. मार्च २०१८मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. तरी शेजारणीने सांगितले म्हणून ट्यूब आणणे चालूच आहे. बघण्याचा कार्यक्रम ठरला म्हणून मुलीच्या तोंडाला ट्यूब चोळायची, मग केस आले म्हणून वॅक्स करायचे आणि पातळ झालेली कातडी सोलवटून घ्यायची, असा हा फेरा आहे. ट्यूब सापडली तर मुलीला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावे. पुष्कळ दिवस लावलेली असेल तर एकदम बंद केल्यावर चेहऱ्याची आग होते, म्हणून ती डॉक्टरच्या सल्ल्यानेच सोडवावी.

घरचे मार्ग

रेझर : सर्वांत स्वस्त, दुखत नाही, आणि कोणाला विचारावे लागत नाही. आजीचा आक्षेप मात्र खोडला पाहिजे. रेझरने केस जाड होत नाहीत. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी हे १९२८ सालीच तपासून सांगितले आहे. ब्लेड केसाला कातडीच्या वर कापते. मूळ आत तसेच राहते, त्याला वर काय झाले ते कळतसुद्धा नाही. केसाचे टोक निमुळते असते, कापल्यावर ते सपाट होते, म्हणून हाताला टोचते आणि डोळ्याला जाड दिसते. आजीच्या बोटांना जाणवते ते खरे, पण काढलेला अर्थ चुकीचा.

रेझर वापरायचा तर आंघोळीच्या शेवटी वापरावा. केस भिजून मऊ झालेले असतात. साबणाचा फेस करून केस ज्या दिशेला पडतात त्याच दिशेने हलक्या हाताने फिरवावा. कोरड्या अंगावर कधीच नको. ब्लेड बोथट झाले की टाकावे, "अजून एकदा चालेल" ही काटकसर पुढे फोडांच्या औषधावर जाते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्याचा रेझर त्याचाच. बहिणी-बहिणींतसुद्धा एक नको. कावीळ-बी या आजाराचे विषाणू रक्ताच्या न दिसणाऱ्या थेंबातही शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहतात. मुलग्यांनाही हेच सांगावे. वसतिगृहात एकाच ट्रिमरवर सहा जण दाढ्या करतात, ते थांबले पाहिजे.

क्रीम : केस ज्या प्रथिनाचा बनतो, त्या केराटिनचे धागे या क्रीममधले रसायन विरघळवते. कातडीतही केराटिन असतेच. म्हणून पाकिटावर जितकी मिनिटे लिहिली आहेत त्याहून जास्त ठेवले की केसानंतर कातडीची पाळी येते. स्वयंपाक करता करता क्रीम लावून बसू नये, घड्याळ पुढ्यात ठेवावे. पहिल्या वेळी हातावर एवढेसे लावून, धुऊन, एक दिवस थांबावे. खाज, लाली आली नाही तरच पुढे जावे. पाय-हातांचे क्रीम तोंडाला किंवा जांघेत लावू नये.

बाजारात केस काढायची स्वस्त पावडरही मिळते, पाण्यात कालवली की सडक्या अंड्यासारखा वास येतो. अशा पावडरींत बेरियम सल्फाइड असू शकते. ते पोटात गेले तर जिवावर बेततात. पुडी उघडी ठेवली आणि लहान मुलाने तोंडात घातली तर काय होईल याची कल्पना करा. ज्या पाकिटावर घटक आणि कंपनीचा पत्ता नाही, ते घरात आणूच नये.

घरचे वॅक्स : दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी. मंद आचेवर गोळीबंद पाकाच्या जवळ आणि मधाच्या रंगावर आले की उतरवायचे. जुन्या जीन्सच्या किंवा जाड सुती कापडाच्या पट्ट्या कापून घ्यायच्या. अंग कोरडे करून पावडर लावायची, केसांच्या दिशेने वॅक्स पसरायचे, पट्टी दाबायची, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची आणि उलट दिशेला, अंगाला समांतर एका झटक्यात ओढायची. केस निदान अर्धा सेंटिमीटर वाढलेले असावेत, नाहीतर मुळापासून न येता मध्येच तुटतात.

धोका पाकाचा आहे. साखरेचा पाक उकळत्या पाण्याहून जास्त तापतो आणि अंगाला चिकटून बसतो. कढई ओट्यावरून खाली घेऊन पुरते निवू द्यावे. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून पाहावा, कोमट वाटला तरच पुढे. पोरे आसपास खेळत असताना हा उद्योग करू नये. भाजलेच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये. फोड मोठा असेल तर दवाखाना गाठावा.

डाळीचे पीठ आणि हळद : अंघोळीला उत्तम. थोडी फार लव घासून तुटते, मुळे जात नाहीत. रोज जोराने चोळले की कातडी काळवंडते.

याच पिठाबद्दल बाळंतिणींसाठी दोन शब्द. तान्ह्या बाळाच्या पाठीवर, खांद्यावर लव असते म्हणून कणकेच्या गोळ्याने ती चोळून काढण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ही लव जन्माच्या आधीची असते आणि काही आठवड्यांत आपोआप गळते. मुलगी असली की आजीचा हात जरा जास्तच जोराने चालतो, "पुढे त्रास नको" म्हणून. बाळाची कातडी फार पातळ असते. तिला पुरळ, ओरखडे आणि त्यातून जंतू मिळतात, बाकी काही नाही. पुढे वयात आल्यावर येणारे केस या चोळण्याने थांबत नाहीत.

पार्लर

वॅक्सिंग पार्लरमध्ये करण्यात काय मिळते? स्वतःच्या काखेत किंवा पाठीवर आपला हात नीट पोहोचत नाही. सरावलेल्या हाताने एका झटक्यात पट्टी निघते, केस तुटत नाहीत, आणि मग कातडीत वळून वाढणारे केसही कमी होतात. वॅक्स केले की तीन ते सहा आठवडे निभावते. भुवया आणि ओठांवरचे थ्रेडिंगही दुसऱ्याकडूनच बरे.

पार्लर चकचकीत असण्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. ताईने हात धुतले का? वॅक्सची काडी एकदा अंगाला लावून पुन्हा त्याच डब्यात बुडवते का? बुडवत असेल तर आधीच्या गिऱ्हाइकाचे जंतू आपल्या अंगावर येतात. टॉवेल आणि पट्टी ताजी आहे का? थ्रेडिंगचा दोरा प्रत्येकीला नवा हवा, आणि तो दातात धरण्याऐवजी गळ्याला अडकवून काम केलेले चांगले. हे विचारताना आवाज चढवायचे कारण नाही. वस्तीत घरच्या खोलीत पार्लर चालवणाऱ्या आपल्याच लेकी-सुना आहेत. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा कोर्स करून अनेक मुली या धंद्यात उभ्या राहतात. "ताई, माझ्यासाठी वेगळ्या वाटीत वॅक्स काढ" एवढे गोडीने सांगावे आणि त्या वाटीचे दहा-वीस रुपये जास्त मागितले तर द्यावेत. स्वच्छतेलाही खर्च असतो.

बिलाबद्दल एक सूचना. २२ सप्टेंबर २०२५पासून सलून-पार्लरच्या सेवांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शिवाय ज्या पार्लरची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि ज्याने नोंदणी केलेली नाही, त्याला जीएसटी लावताच येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसताना कर आकारला असेल, तर तो द्यायचे कारण नाही.

काही जणींनी मात्र वॅक्स घरीही करू नये आणि पार्लरमध्येही. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तोंडाला रेटिनॉइड किंवा स्टेरॉइड मलम चालू असेल, तर वॅक्सबरोबर कातडीच निघते. पायाच्या शिरा फुगलेल्या असतील, मधुमेह असून जखमा लवकर भरत नसतील, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरना विचारावे. नवरीने लग्नाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदाच वॅक्स करू नये. लाली आणि पुरळ बसायला वेळ लागतो. महिनाभर आधी एकदा करून पाहावे आणि पुढचे लग्नाच्या तीन-चार दिवस आधी.

लेझर

आता मोठ्या आकड्याकडे येऊ. लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगात शोषला जातो, तिथे उष्णता होते आणि केसाचे मूळ भाजते. हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या डॉक्टरांनी १९८३ साली मांडले. केस काढण्याच्या पहिल्या लेझरला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९५ साली परवानगी दिली. पुढे लेझरवाल्या कंपन्यांना त्यांनी जो शब्द वापरू दिला तो लक्षात ठेवा : "कायमची घट". "केस कायमचे जाणे" असा दावा लेझरला करता येत नाही. तो फक्त विजेच्या सुईने एकेक मूळ जाळण्याच्या पद्धतीला करता येतो. १८७५ साली अमेरिकेतल्या चार्ल्स मिशेल या डोळ्यांच्या डॉक्टरने डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांवर ती वापरली होती. पण एकेक केस करायचा म्हणजे वेळ फार लागतो.

लेझर एका बसण्यात भागत नाही. कोणत्याही वेळी काहीच केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि लेझर त्यांनाच गाठते. म्हणून महिना-दीड महिन्याच्या अंतराने सहा-आठ बैठका, आणि पुढेही अधूनमधून एखादी. पीसीओएस असेल तर हार्मोन नवे केस आणतच राहते. पांढऱ्या केसांत काळा रंग नसतो, त्यांच्यावर लेझर चालत नाही. बारीक लवेवर तर ते करूच नये. चेहऱ्यावर, विशेषतः सावळ्या कातडीवर, लेझरनंतर आजूबाजूची लव उलट वाढल्याचेही डॉक्टरांना दिसून आले आहे.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा रंगाचा आहे. जो काळा रंग केसात असतो, तोच आपल्या कातडीतही असतो. चुकीचे मशीन किंवा चुकीची तीव्रता असेल तर प्रकाश कातडीतच शोषला जातो. ती भाजते आणि महिनोन्महिने काळे किंवा पांढरे डाग राहतात. सावळ्या आणि काळ्या कातडीसाठी एनडी-याग नावाचे लेझर अधिक सुरक्षित समजले जाते. म्हणून विचारायचे प्रश्न असे : मशीन कोणते? माझ्या रंगाच्या कातडीवर याआधी केले आहे का? आधी छोट्या जागी करून दाखवाल का? आणि मशीन कोण चालवणार? त्वचारोगाची एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी पदवी असलेला डॉक्टर तिथे असावा. त्याचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारावा. उत्तर देताना तिथले लोक चिडले, तर आपले उत्तर आपल्याला मिळाले असे समजून उठावे.

घरी वापरायच्या प्रकाशाच्या मशीनच्याही जाहिराती येतात. त्यांच्या खोक्यावर कातडीच्या रंगांचा तक्ता असतो. गडद रंगांपुढे बहुतेक वेळा फुली असते. आपल्यापैकी पुष्कळ जणी त्या फुलीत बसतात. पैसे भरण्यापूर्वी तक्ता पाहावा.

हिशेबाची वही

आता आकडे मांडू. हे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, आपापल्या गावचे भाव घालून प्रत्येकीने आपले गणित करावे.

समजा महिन्याला ८० रुपयांचे रेझर लागतात. वर्षाचे झाले ९६०. समजा घरच्या वॅक्सला एका वेळी ५० रुपये आणि वर्षात दहा वेळा, म्हणजे ५००. समजा पार्लरला एका वेळी ५००, दहा वेळा म्हणजे ५,०००, रिक्षा-बस वेगळी. समजा लेझरचे पॅकेज ३०,००० आणि ते हप्त्याने : महिना २,८००, बारा हप्ते. बारा गुणिले २,८०० म्हणजे ३३,६००. "हप्त्याने द्या, जड जाणार नाही" या वाक्याची किंमत ३,६०० रुपये. आता भागाकार करा. लेझरच्या पैशांत रेझर पस्तीस वर्षे आणि पार्लर पावणेसात वर्षे चालते. आणि पॅकेज संपल्यावरही अधूनमधून बैठक घ्यावी लागते, ती वेगळी.

याचा अर्थ लेझर वाईटच असा नाही. ज्या मुलीच्या हनुवटीवर दाट केस आहेत, जिला रोज रेझर फिरवून फोड आणि काळे डाग येतात, तपासणी होऊन औषधे चालू आहेत आणि जिचे बाहेर जाणे-येणे या केसांपायी बंद पडले आहे, तिच्यासाठी केवळ हनुवटीचे लेझर हा योग्य खर्च ठरू शकतो. तिथे "फुल बॉडी"ची भर पडू देऊ नये.

हप्त्याच्या कागदाबाबत दक्षता घ्यावी. हे कर्ज क्लिनिकचे नसते, फायनान्स कंपनीचे असते. दोन बैठकांनंतर क्लिनिकला टाळे लागले तरी हप्ता खात्यातून जातच राहतो. म्हणून पॅकेजचे पैसे बैठकीगणिक द्यावेत, थोडे महाग पडले तरी चालेल. कर्ज घेतलेच तर सही करण्यापूर्वी एकूण परतफेड किती, प्रक्रिया शुल्क किती आणि ॲपवरचे कर्ज रद्द करण्याची मुदत किती दिवसांची, हे करारात वाचावे. अशी मुदत द्यावी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पावती, किती बैठका ठरल्या त्याचा कागद, आणि आधीचे फोटो जपून ठेवावेत. भाजले किंवा फसवले तर ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला त्यासाठी फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

मग कोणी काय करावे?

शाळकरी मुलगी चिडवण्याला कंटाळली आहे : आईने स्वतः शेजारी बसून रेझर किंवा घरचे वॅक्स शिकवावे. वर्गातल्या चिडवण्याबद्दल मात्र बाईंना जाऊन भेटावे. तो इलाज केसांवर करायचा नसतो.

नोकरी करणारी, वेळ थोडा : हातापायांना रेझर किंवा घरचे वॅक्स, भुवया-ओठ पार्लरमध्ये.

हनुवटीवर राठ केस आणि पाळी अनियमित : आधी रुग्णालय, बाकी सगळे नंतर. तोपर्यंत थ्रेडिंग किंवा रेझर चालतो.

लग्न ठरलेली मुलगी : पार्लर, महिनाभर आधी चाचणी करून. लग्नाच्या महिन्यात लेझर किंवा नवे क्रीम सुरू करू नये.

गरोदर बाई : काढायची गरज नाही. वाटलेच तर मशीनने बारीक कापावेत. दवाखान्यात कोणी ब्लेड घेऊन आले, तर त्याची गरज आहे का हे नम्रपणे विचारावे.

जिला काहीच नको : तिला काहीच नको. तिच्यासाठी हा लेख वरच्या दुसऱ्या मथळ्यापाशीच संपतो. घरातल्यांनीही तो तिथेच संपू द्यावा.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट ध्यानात असावी. आपल्या घरांत मुलीच्या शिक्षणाच्या पैशांतून काही उरत नाही. क्लासची फी थकलेली असताना पॅकेजचा हप्ता वेळेवर जातो, असे झाले तर गणित कुठेतरी चुकले आहे. मुलीला जवळ बसवून हे आकडे तिच्याच हाताने वहीत लिहायला लावा. आकडा स्वतः लिहिला की निर्णयही ती स्वतः घेते, आणि तो बहुधा आपल्या सर्वांपेक्षा शहाणपणाचा निघतो.

पुढील आठवड्यात : लग्नाचा हॉल ठरवताना अनामत रकमेच्या पावतीत काय काय लिहून घ्यावे.